पायाखालचा डबा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सोलं उलटी करणं. तेही अर्धंच.

मे महिना होता. घरापुढच्या खळ्यात चार चटया घातल्या होत्या आणि त्यांवर रातांब्याची सालं पसरली होती. आमच्याकडे त्यांना सोलं म्हणतात, मुंबईची माणसं आमसुलं म्हणतात. मीठ घातलेल्या रसात ती बुडवायची, वाळवायची, उलटी करायची, परत बुडवायची. आठवडाभर हाच धंदा. दोन चटया मी केल्या, एक तिने केली. चौथी पायरीकडे होती. मी म्हटलं, "ती पायरीकडची पण उलटी कर, चटयेक चिकटतली."

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "सांगितलात मा? आता रवली ती."

आणि राहिली. उठली, हात धुतले, आत गेली. ऐंशीच्या घरात आलेली बाई. मीही त्या चटईला हात लावला नाही. मी का लावू? ती चटई तिची होती.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. भेटायला येणारा जो तो सांगतो, फार गुणाची होती. गुणाची नव्हती. सांगितलेलं काम करायचं नाही, हा तिचा जन्माचा नेम. न सांगता तुमच्यासाठी विहीर खणेल, पण 'जरा तांब्या दे' म्हटलंत की तांब्या तिथेच. मी तरणा असताना एक युक्ती केली. चहा हवा होता म्हणून म्हटलं, आज चहा करू नको. तिने चहा केला नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, तुम्हीच नको म्हणालात. म्हणजे हवं तेव्हा सांगितलेलं ऐकायची पण. अशा माणसाचं काय करायचं?

ती खारेपाटणकडची. चौथी पास झालेली. मी दुसरीत शाळा सोडली. म्हणजे शाळेनेच मला सोडलं, कारण आमच्या मुलांना बाहेर ओटीवर बसवायचे आणि तिथून फळ्यावरचं दिसायचं नाही. मला आज हे लिहिता येतंय ते तिच्यामुळे. लग्नानंतर तिने मला बसवून शिकवलं. मी तिला शिकव म्हटलं नव्हतं, म्हणून शिकवलं.

लग्न होऊन आली त्याच दिवशी माझ्या आईने सांगितलं, सुनेने सगळ्यांच्या मागून जेवायचं. हिने विचारलं, "कोणी सांगितल्यान?"

आई म्हणाली, माझ्या सासूने. आणि तिला कोणी? तिच्या सासूने. आणि तिला? आई चिडली. "माका काय म्हायत? मी थंय होतंय?"

"मगे जिका म्हायत नाय तिचा कित्या ऐकाचा?" असं म्हणून ही पाट घेऊन बसली. आई म्हणाली, जेव बाय, पण गप जेव. गप जेवली नाही ती गोष्ट वेगळी. पण पुढे आईच तिच्याबरोबर जेवायला बसायला लागली आणि मी एकटा राहिलो.

हा 'कोणी सांगितल्यान' मी जन्मभर ऐकला. पण एकदा तो प्रश्न तिने साऱ्या गावाला विचारला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. ते सांगायचं तर आधी होडी सांगायला पाहिजे.

आमची वाडी खाडीच्या अलीकडे. वाडीला गाव तेव्हा ज्या नावाने ओळखायचा ते मी लिहीत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल. शाळा, बाजार, दवाखाना, मी चिरे काढायला जायचो ती खाण, सगळं पलीकडे. मधे एक होडी आणि ती चालवणारा तारी. होडी त्याच्या आजाच्या वेळची. फटी कितीही बुजवल्या तरी पाणी आत यायचंच. आणि रीत अशी की आमचं माणूस होडीत आलं तर त्याने फळीवर बसायचं नाही. खाली बुडात उकिडवं बसायचं आणि पलीकडचा काठ लागेपर्यंत डब्याने पाणी उपसत राहायचं. भाडं मात्र इतरांएवढंच. डबा म्हणजे रॉकेलचा अर्धा कापलेला डबा. त्याला आमच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात कधी लागलेला नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

सकाळच्या होडीने वाडीतली मुलं शाळेत जायची. उपसून उपसून चड्ड्या, परकर ओले व्हायचे. मास्तर म्हणायचा, सुकेपर्यंत बाहेर उभे राहा. सुकेपर्यंत पहिला तास संपायचा आणि पहिला तास गणिताचा. आमच्या वाडीत त्या काळात कोणाला गणित आलं नाही, त्याचं कारण ती होडी.

आम्ही धर्म बदलून वर्ष झालं होतं. म्हातारी माणसं दमली होती. ती म्हणायची, देव सोडले, जत्रेतला ढोल सोडला, मेलेली गुरं ओढणं सोडलं, आता पुरे करा. होडी सोडून जाणार कुठे? आम्ही तरणी पोरं, आम्हाला पुरे म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मी, माझे दोन चुलतभाऊ आणि वाडीत एकटाच मॅट्रिकपर्यंत गेलेला एक मुलगा. आम्ही त्याला 'बाबू' म्हणायचो. तो आमचा पुढारी. हिचा भाऊ मुंबईला गोदीत होता, त्याने पत्रातून कळवलं होतं की शिवाशिव पाळली तर शिक्षा होईल असा कायदा झाला आहे. ते पत्र हिने इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं.

पहिल्या बैठकीतच हिने घोळ घातला. बाबू म्हणाला, बायांनी मागे बसावं. हिने काय विचारलं असेल ते तुम्हाला आता कळलं असेल. बाबू लाल झाला. म्हणाला, वहिनी, आपण गावाशी भांडायला जमलो आहोत, आपसात नाही. ही म्हणाली, मी भांडत नाही, मी विचारतेय. अर्धा तास गेला. शेवटी ती पुढे बसली, बाबू मागे सरकला.

मग कचेरीला अर्ज लिहायचा ठरला. अक्षर तिचं बरं, म्हणून लिहायला तिला बसवलं. बाबू सांगू लागला, "सेवेशी नम्र विनंती..." हिने लेखणी खाली ठेवली. विनंती कसली? कायदा आहे ना? मग 'कळवतो' लिहायचं. बाबू म्हणाला, वहिनी, अर्जाची ती पद्धत आहे, साहेब नाहीतर वाचणारसुद्धा नाही. ही ऐकेना. 'कळवण्यात येते की' असं लिहून अर्ज गेला आणि उत्तर आलं नाही. दुसरा तसाच गेला. त्याचंही उत्तर आलं नाही. तिसऱ्या वेळी बाबूने हिच्या नकळत स्वतः बसून 'नम्र विनंती' लिहून पाठवला. हे तिला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. मला माहीत होतं. मी साठ वर्षं गप्प राहिलो, हे मी केलेलं एक शहाणपण.

पण त्या अर्जाचं उत्तर यायच्या आधीच होडीचं झालं.

पाऊस ओसरला होता, खाडी मात्र काठोकाठ होती. शनिवार, बाजारचा दिवस. हिने वाडीतल्या मुलांना त्या दिवशी घरी ठेवलं. आम्ही पाचजण होडीत चढलो आणि सरळ फळीवर बसलो. होडीत आणखी दोघंच होते. एक वरच्या वाडीतली म्हातारी, मानकरी गावकारांच्या घरातली, तिला सगळे काकी म्हणत. केळीचा घड घेऊन बाजारला निघालेली. दुसरा दुकानदार. त्याने गुळाच्या दोन ढेपा गोणपाटात बांधून होडीच्या बुडात ठेवल्या होत्या.

तारी काही बोलला नाही. त्याला वाटलं असेल, निघाल्यावर उतरतील खाली. होडी निघाली. पाणी यायला लागलं. आम्ही बसलेले. दुकानदार फळीच्या टोकाशी सरकला आणि खाडीकडे तोंड करून बसला. काकी आमच्याकडे बघत होती. थोड्या वेळाने पाणी घोट्याला आलं. तारी म्हणाला, "अरे उपसा रे कोणतरी. माका वल्हा सोडूक येना नाय."

कोणी हललं नाही.

आता ऐका. मला पोहता येतं. माझ्या चुलतभावांना येतं. बाबूला थोडं येतं. हिला येत नव्हतं. खारेपाटणला घरापुढे नदी, पण ही पोहायला शिकली नाही, कारण बापाने शीक म्हणून सांगितलं होतं. आणि खाडीच्या मध्यावर ओढ अशी असते की पोहणारासुद्धा दोनदा विचार करतो. पाणी पोटरीला आलं तेव्हा माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मी वाकलो आणि डब्याला हात घातला.

तिने डब्यावर पाय ठेवला.

मी ओढला. तिने दोन्ही पाय ठेवले. खालच्या आवाजात म्हणाली, "डब्याक हात लावलात तर मी हयच उतरतंय."

हयच म्हणजे खाडीत. पोहता न येणारी बाई मला धमकी देत होती की मी बुडेन. आणि ती बुडाली असती, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. मी हात काढला. त्या वेळचा राग माझ्या अंगात अजून आहे. मी त्यानंतर दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही, इतकी ती कामात होती.

गोणपाट भिजायला लागलं तेव्हा दुकानदार वळला. आम्हाला शिव्या दिल्या, तारीला दिल्या. मग तो स्वतः उपसायला वाकला आणि तसाच थांबला. डबा आमचा. आमच्या हाताचा. त्याला तो धरता येईना. साऱ्या होडीत पाणी काढायची एकच वस्तू आणि तिला फक्त आम्हीच शिवू शकत होतो. ही सोय त्यांच्याच पूर्वजांनी करून ठेवलेली. दुकानदाराने डोक्यावरची टोपी काढली आणि टोपीने पाणी उपसायला लागला. टोपीत पाणी राहत नाही. निम्मं अंगावर, निम्मं परत होडीत. बाबूला हसू आलं, मला आलं नाही. मी किनारा किती लांब आहे ते बघत होतो.

काकी केळीचा घड बाजूला ठेवून उठली. होडीत ते वय उठून उभं राहायचं नव्हतं. हिच्यासमोर आली आणि म्हणाली, "पाय काढ गो चेडवा. डबो माका दी."

हिने लगेच पाय काढले. डबा उचलून काकीच्या हातात दिला. मला धमकी देणारी ही आणि ही एकच बाई.

दुकानदार म्हणाला, काकी, तो डबा त्यांचा आहे. काकी उपसायला लागलीच होती. मान वर न करता म्हणाली, "बुडालस तर विटाळ खंय धुवतलंस रे?"

काठ लागेपर्यंत म्हातारी उपसत होती. कोणी तिच्या हातातून डबा घेतला नाही. आम्हीही नाही. ते मला बरं वाटलं नाही, पण मी हिच्या पायांकडे बघितलं आणि बसून राहिलो.

उतरल्यावर तारी म्हणाला, उद्यापासून तुमच्या वाडीला होडी नाही.

तीन महिने नव्हती. वरच्या अंगाला बांध आहे, तिथून फिरून जायला अडीच तास. मी खाणीवर उशिरा पोचायला लागलो आणि आठवड्यात मुकादमाने माझी जागा दुसऱ्याला दिली. लढा पाचजणांचा आणि काम गेलं माझ्या एकट्याचं, कारण बाकीचे शेतावर होते. घरात मी बसून आणि ही रोज पहाटे वाडीतली मुलं घेऊन बांधावरून शाळेपर्यंत जायची, संध्याकाळी आणायची. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं. मुलं उशिरा पोचायची पण कोरडी पोचायची. मास्तरला ओली म्हणून बाहेर उभं करता येईना, तो उशीर झाला म्हणून उभं करायला लागला. गणित काही आलं नाही. म्हातारी माणसं माझ्याकडे येऊन सांगायची, बायकोला आवर. मी म्हणायचो, तुम्ही आवरा. मला जमत असतं तर मी इथे बसलो असतो का?

मग कचेरीतून साहेब आला. बाबूच्या 'नम्र विनंती'ला आलेलं ते उत्तर. धक्क्यावर खुर्ची मांडली. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला आम्ही. साहेबाने गावाला विचारलं, "या लोकांवर पाणी उपसायची सक्ती कोणी केली?"

कायद्याची भीती सगळ्यांना होती. जो तो म्हणाला, आम्ही नाही केली. तारी म्हणाला, मी नाही सांगितलं. दुकानदार म्हणाला, "कोणीच नाही, साहेब. ही मंडळी पहिल्यापासून आपखुशीने उपसतात."

साहेबाने आमच्याकडे बघितलं. बाबू पाठ केलेलं भाषण करायला पुढे झाला, तेवढ्यात ही उठली. साहेबाशी नाही, गावाशी बोलली. एकेकाकडे बघून विचारलं, "तुमी सांगितलात?" नाही. "तुमी?" नाही. "आबानू, तुमी?" तारीने मान हलवली. साऱ्या धक्क्यावरून ती फिरली. एकानेही हो म्हटलं नाही. माझ्या आईला पहिल्या दिवशी विचारलेलं तेच, फक्त माणसं जास्त. मग साहेबाकडे वळून शाळेतल्या भाषेत म्हणाली, "कोणी सांगितलेलं नाही. आमची खुशी होती, ती संपली. असं लिहा."

साहेबाला हसू आलं असावं, पण त्याने ते कागदात घातलं. तसंच लिहिलं. आणि होडीत कोणीही कुठेही बसावं, हेही. बाबूचं भाषण त्याच्या खिशातच राहिलं. तो हिच्यावर महिनाभर रुसला होता.

सोमवारी मुलं फळीवर बसून शाळेत गेली. मी खाणीवर गेलो, तर जागा भरलेली. मला दुसरी खाण मिळायला पुढचा शिमगा उजाडला. ते कोणी कागदात घातलं नाही.

पुढच्या पावसाची गोष्ट. श्रावणातला दिवस, वारा सुटलेला. तारीने नवा डबा आणला होता आणि आता तो स्वतःच शिव्या देत उपसायचा. त्या दिवशी वाऱ्यामुळे त्याला वल्हं सोडता येईना. होडीत आम्ही दोघं, काकी आणि वरच्या वाडीतली चार माणसं. माणसं एकमेकांकडे बघत होती. काकी न बोलता खाली उतरली आणि उपसायला लागली.

ही माझ्या शेजारून उठली, बुडात जाऊन बसली, पदर खोचला आणि काकीच्या हातातून डबा घेतला. काकी दमली की हिने घ्यायचा, ही थांबली की परत काकीने. दोघींच्या गप्पा सुरू. काकी तिला सांगत होती केळीला राख कशी घालायची. मी फळीवर बसून बघत राहिलो. माझं डोकं फिरलं.

उतरल्यावर मी विचारलं. म्हटलं, तेव्हा जीव गेला तरी चालेल म्हणून डब्यावर पाय दिलास. माझी खाण घालवलीस. आणि आज आपणहून बुडात जाऊन बसलीस?

ती लुगडं पिळत होती. म्हणाली, "तेव्हा सांगितलेला होता. आज माका कोणी सांगितल्यान?"

मला त्या वेळी ते पटलं नाही. तेवढ्यासाठी तीन महिने बांधावरून चालायचं? मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, तेवढ्यासाठीच. आणि पुढे चालायला लागली. नेहमी पुढे चालायची. जरा हळू चाल म्हटलं की आणखी भरभर.

आता खाडीवर पूल आहे. होडी कधीच मोडली. बाबू गेला, काकी तर त्याच्या फार आधी गेली. काकीच्या मयताला आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. हिने माझ्याकडे बघून विचारलंही नाही, पायात चपला घातल्या आणि गेली.

त्या सोलांच्या दिवशी दुपारी ती जेवली. तिसऱ्या प्रहरी जरा आडवी होते म्हणाली. मी म्हटलं, खिडकीकडे डोकं कर, वारा लागेल. तिने भिंतीकडे केलं. चहाच्या वेळेला उठवायला गेलो तर उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेत गेली, त्रास झाला नाही. मुलगी कुडाळहून येईपर्यंत आम्ही थांबलो. दिवस मावळायच्या आत सगळं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक बसायला आले. मला ओटीवर सतरंजीवर बसवलं. खळ्यात चटया तशाच होत्या. तीन चटया मुलीने झाकल्या होत्या, पायरीकडची तिच्या लक्षात आली नव्हती. ऊन चढायला लागलं तसा मी उठलो. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही बसा, मी करते. वाडीतला एक म्हातारा, माझ्याएवढाच, म्हणाला, आजच्या दिवशी घरच्या माणसाने कामाला हात लावू नये.

मी विचारलं, "कोणी सांगितल्यान?"

मी खाली उतरलो, पायरीशी बसलो आणि एकेक सोल उलटं करायला घेतलं. सगळी चटईला चिकटली होती. नखांनी सोडवावी लागली, काहींचे तुकडे झाले. मी तिला सांगितलं होतं.